सॉसमध्ये साखर घातली म्हणून... आवडीनिवडीचे वाद नक्की कशावरून होतात?

परवा परत तेच झालं. मैत्रिणीकडे जेवायला गेलो होतो, गॅसवर पास्त्यासाठी टोमॅटोचा सॉस रटरटत होता आणि माझ्या डोळ्यांदेखत तिने त्यात चमचाभर साखर टाकली. मी म्हटलं, "अगं काय हे, घालवलास ना सगळा सॉस." ती म्हणाली, "घालवला नाही, सुधारला. नको असेल तर उपाशी बस." मग जेवताना जुना सिनेमा लावला, १९५१ चा 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर', आणि व्हिव्हियन ली पडद्यावर आल्या आल्या बाईसाहेबांनी ठरवून टाकलं, "हिला कोणीतरी सांगा रे, हे स्टेज नाहीये." मला ली प्रचंड आवडते. म्हणजे एका संध्याकाळी दोन भांडणं, तीही पोटभर हसत हसत, आणि रात्री निघताना दोघांनी तेच ठेवणीतलं वाक्य म्हटलं की जाऊ दे, व्यक्ती तितक्या प्रकृती.

पण घरी येईपर्यंत डोक्यात एकच चालू होतं की प्रकृती वेगळ्या आहेत हे जर दोघांनाही मान्य आहे तर मग आपण भांडलो कशावरून? तिला भूक लागली आणि मला नाही लागली तर आम्ही कधी वाद घातला नाही. "मला थंडी वाजतेय" यावर कोणी "चूक, नाही वाजत" म्हणत नाही. मग सॉस आणि अभिनय आला की एवढा जोर कुठून येतो?

यावर लोकांनी शेकडो वर्षं डोकं खाजवलंय, आणि मला जे समजलंय ते असं, की आवडीवरचा वाद हा एक वाद नसतोच, त्यात तीनचार वेगवेगळी भांडणं एकाच पिशवीत कोंबलेली असतात, आणि आपण एकाचं उत्तर दुसऱ्याला देत बसतो.

साखरेचंच घ्या. मैत्रिणीचं म्हणणं होतं, साखर टोमॅटोचा आंबटपणा मारते. आता हे आवडीचं वाक्य नाहीये, हे तपासून बघता येण्यासारखं वाक्य आहे. साखर घातल्याने सॉसमधलं आम्ल कमी होत नाही, जेवढं होतं तेवढंच राहतं. आम्ल खरंच कमी करायचं तर चिमूटभर खायचा सोडा घालावा लागतो, तो आम्लाशी रिअ‍ॅक्शन करतो म्हणून तर सॉस फसफसतो. साखर काय करते, तर गोड आणि आंबट एकत्र आले की आपल्याला दोन्ही थोडे थोडे दबलेले जाणवतात. म्हणजे मी "काही फरक पडत नाही" म्हणत होतो ते भांड्यापुरतं खरं, ती "आंबटपणा जातो" म्हणत होती ते तोंडापुरतं खरं, आणि खाणाऱ्याला भांड्याशी काय घेणंदेणं, त्यामुळे हा पॉइंट तिला द्यावा लागतो. देताना त्रास झाला, पण दिला.

मग मी माझं हुकमी पान काढलं होतं, "मूळ इटालियन पद्धतीत साखर नसते." हे तर आवडीच्या वादातलं सगळ्यात लाडकं हत्यार, मूळ पद्धत. त्याची गंमत अशी की मूळ शोधत मागे गेलात की जमीन मऊ मऊ होत जाते. टोमॅटो मुळात अमेरिकेतला, युरोपात आला सोळाव्या शतकात, आणि इटलीत छापलेली टोमॅटो सॉसची सुरुवातीची कृती सतराव्या शतकाच्या शेवटी अंतोनियो लातिनी नावाच्या माणसाने दिली, ती पण "स्पॅनिश पद्धतीचा" सॉस म्हणून. पास्ता आणि टोमॅटो सॉस एकत्र येणारी लिखित कृती थेट १७९० ची, म्हणजे पास्ता कित्येक शतकं टोमॅटोशिवाय सुखात नांदत होता. बोलोन्या शहराच्या रागूचं, म्हणजे तिथल्या मटणाच्या सॉसचं, तर आणखी भारी. इटालियन पाककलेच्या अकादमीने १९८२ मध्ये त्याची अधिकृत कृती तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये रीतसर नोंदवली, दस्तऐवज करून, आणि नंतर २०२३ मध्ये तीच कृती अपडेट केली. आता अधिकृतच जर चाळीस वर्षांत बदलत असेल तर मी कुठल्या तोंडाने बोलणार? आणि कार्बोनारा नावाच्या अंडं-चीजवाल्या पास्त्यात क्रीम घातलं की आज जीव देतील असे लोक आहेत, पण इटलीतल्या मासिकात १९५४ मध्ये छापून आलेल्या कार्बोनाराच्या कृतीत ग्रुयेअर हे स्विस चीज आणि लसूण आहे, म्हणजे आजचे रखवालदार त्या अंकाला दारातही उभे करणार नाहीत.

आणि समजा सापडलंच मूळ, शंभर टक्के पुराव्यासकट, तरी त्यातून एवढंच सिद्ध होतं की आधी असं करायचे. ते चांगलं लागतं हे कुठे सिद्ध होतं? हा इतिहासाचा वाद आहे आणि आपण तो जिभेच्या वादात पुरावा म्हणून फेकतो.

आता निव्वळ जिभेचं. इथे मात्र खरंच बोलायला जागा नसते, कारण आपली शरीरंच वेगळी आहेत. १९३१ च्या सुमाराला आर्थर फॉक्स नावाच्या केमिस्टच्या लॅबमध्ये एक पावडर हवेत उडाली. शेजारी काम करणारा माणूस कुरकुरला की काय कडू आहे ही, आणि फॉक्सला काहीच लागेना. दोघांनी आधी काय केलं असेल तर वाद घातला, मग चाखून पाहिली, मग बाकीच्यांना चाखवली, आणि निघालं असं की काही लोकांना तो पदार्थ भयंकर कडू लागतो आणि काहींना खडूसारखा बेचव. पुढे कळलं की त्यामागे कडू चव ओळखणारा एक जनुक आहे आणि तो आईवडिलांकडून येतो. कोथिंबिरीचं पण तसंच काहीसं, काही लोकांना ती साबणासारखी लागते आणि २०१२ च्या एका मोठ्या अभ्यासात त्याचा संबंध वास ओळखणाऱ्या जनुकांशी लागला. तेव्हा एकाच पातेल्यातला एकच सॉस दोन ताटांत गेला की तो दोन सॉस होतो, इतकं साधं आहे ते.

हे धंदेवाल्यांना आपल्या आधी कळलं. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या कॅम्पबेल कंपनीचा प्रेगो नावाचा सॉस रागू याच नावाच्या दुसऱ्या ब्रँडच्या सॉसपुढे मागे पडत होता, म्हणून त्यांनी हॉवर्ड मॉस्कोविट्झ या माणसाला बोलावलं. त्याने काय करावं, तर सगळ्यात उत्तम सॉस शोधायचं सोडूनच दिलं. पंचेचाळीस प्रकार बनवले, कमी गोड, जास्त गोड, पातळ, घट्ट, तिखट, लसूण जास्त, लोकांना खायला घातले आणि सरासरी काढायच्या ऐवजी लोकांचे घोळके शोधले. एका घोळक्याला साधा सॉस हवा होता, एकाला मसालेदार, आणि साधारण एक तृतीयांश लोकांना हवे होते त्यात भाज्यांचे मोठे मोठे तुकडे, आणि तसा सॉस तोपर्यंत कोणी विकतच नव्हतं. सगळ्यांच्या आवडीची सरासरी काढली असती तर कोणालाच धड न आवडणारं काहीतरी निघालं असतं. दोन लोकांच्या भांडणात "चल मधलं काहीतरी करू" म्हणतात ना, अर्धा चमचा साखर, त्यात हीच चूक असते. अर्धा चमचा आम्हा दोघांनाही नको होता.

शरीरानंतर नंबर सवयीचा. रॉबर्ट झायोंक या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये दाखवलं की एखादी गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा समोर आली तरी ती आवडायला लागते, काही कारण लागत नाही. ज्युली मेनेला आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये छापलेला प्रयोग तर मला फारच आवडतो, ज्या बायकांनी गरोदरपणात किंवा अंगावर पाजताना गाजराचा रस घेतला त्यांच्या बाळांनी पुढे गाजर घातलेली पेज कमी तोंडं वाकडी करत खाल्ली. म्हणजे आपण ज्याला मोठ्या तोऱ्यात "माझा चॉइस" म्हणतो त्यातला काही भाग आपण जन्मायच्या आधीच ठरलेला असतो. (मला साखर न घातलेला सॉस आवडतो कारण मी पहिल्यांदा खाल्ला तो तसा होता, बाकी मी सांगतो ती सगळी कारणं नंतर शिवलेली आहेत असा मला दाट संशय आहे. तिला सांगू नका.)

इथपर्यंत वाचून वाटेल की झालं, विषय संपला, जीन आणि सवय, भांडून उपयोग नाही. पण मग व्हिव्हियन लीचं काय करायचं? कारण तिथे मी "मला आवडते" एवढंच म्हणत नव्हतो. मी म्हणत होतो की ती चांगलं काम करतेय आणि तुला ते दिसत नाहीये. हे दुसऱ्या जातीचं वाक्य आहे.

कांट या जर्मन तत्त्वज्ञाने १७९० मध्ये हाच फरक सांगितला. त्याचं उदाहरण एका वाइनचं आहे, की ही वाइन छान आहे असं कोणी म्हटलं आणि आपण त्याला दुरुस्त केलं की "तुझ्यासाठी छान आहे" म्हण, तर तो गपगुमान मान्य करतो. पण एखादी गोष्ट सुंदर आहे असं म्हणणारा माणूस "माझ्यासाठी सुंदर" म्हणायला तयार होत नाही, त्याला वाटतं बाकीच्यांनाही ते वाटायलाच हवं. सिद्ध करू शकत नाही, पण हक्क सोडत नाही. आजकालच्या तत्त्वज्ञांनी तर या प्रकाराला नावच दिलंय, निर्दोष मतभेद म्हणा मराठीत, म्हणजे दोघांची मतं एकमेकांच्या विरुद्ध आहेत आणि तरी दोघांपैकी कोणाचीच चूक झालेली नाही. असं असू शकतं का, यावरही त्यांच्यात मतभेद आहेत, आणि ते निर्दोष आहेत की नाही देव जाणे.

मला स्वतःला कांटपेक्षा स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम जवळचा वाटतो. त्याने १७५७ च्या निबंधात 'डॉन क्विक्झोट' या जुन्या स्पॅनिश कादंबरीतली एक गोष्ट वापरली आहे. दोन जाणकारांना पिंपातली दारू चाखायला देतात. एक म्हणतो छान आहे पण चामड्याचा बारीक वास येतोय. दुसरा म्हणतो छान आहे पण लोखंडाची चव लागतेय. बाकीचे लोक दोघांना मनसोक्त हसतात. मग पिंप रिकामं होतं आणि तळाशी सापडते एक जुनी किल्ली, चामड्याची वादी बांधलेली. ह्यूमचं म्हणणं असं की चवीचा काही भाग त्या वस्तूत खरोखर असतो, फक्त तो सगळ्यांना लागत नाही, त्यासाठी सराव लागतो, बऱ्याच गोष्टी चाखून तुलना करावी लागते, पूर्वग्रह बाजूला ठेवावा लागतो. लक्ष द्या, त्या दोघांचं आवडण्याबद्दल भांडण नव्हतंच, दारू छान आहे हे दोघांनाही मान्य होतं. प्रश्न होता आत काय आहे याचा.

आता सिनेमात किल्ली कुठे असते? मी मैत्रिणीला म्हटलं, अगं ली जी भूमिका करतेय ती बाई, ब्लांश, तीच दिवसभर नाटक करत असते. घर गेलं, पैसा गेला, वय चाललंय, आणि ती अजून कोणीतरी खानदानी नाजूक बाई असल्याचा आव आणतेय. मग ती साधं कसं बोलेल? ते लाडेलाडे बोलणं, ते हात फिरवणं हा ब्लांशचा ओव्हरअ‍ॅक्टिंगपणा आहे, लीचा नाही. आणि समोर मार्लन ब्रँडो घामेजल्या बनियनमध्ये पुटपुटत खातोय, बोलतोय, त्यामुळे दोन अभिनयशैलींची टक्कर हीच त्या दोन माणसांची टक्कर होते. यात तिला पटण्याची सक्ती काही नाही, पण आता ती परत बघेल तेव्हा बघायला काहीतरी आहे.

ती पण काही कमी नाही. म्हणाली, "हे तू नंतर शोधलेलं स्पष्टीकरण झालं, ली रंगभूमीवरून आली म्हणून ती तशीच बोलते." यात तथ्य आहे. सिनेमा मुळात नाटकावरून केलेला, लीने हीच भूमिका १९४९ मध्ये लंडनच्या रंगमंचावर केली होती, तर सिनेमातले बाकी नट, म्हणजे ब्रँडो, कार्ल माल्डन आणि किम हंटर, हे १९४७ च्या न्यूयॉर्कच्या प्रयोगातून एकत्र आलेले, म्हणजे तिघं एका तालमीतले आणि ही एकटी बाहेरून आलेली. (मी लगेच म्हटलं, ब्लांश पण बाहेरूनच येते ना त्या घरात! पण हे जरा जास्तच सोयीचं झालं हे मलाही कळलं.) आणि त्या वर्षी ऑस्कर मिळालं लीला, माल्डनला आणि हंटरला, ज्याच्यामुळे पडद्यावरचा अभिनय बदलला असं आज सगळे म्हणतात त्या ब्रँडोला नाही. तेव्हाच्या लोकांचे कान वेगळे होते.

जुन्या अभिनयाबद्दल वाद घालताना ही कानांची गोष्ट आपण विसरतो. मूकपटातली माणसं टुणटुण उड्या मारत चालतात त्यावर आपण हसतो, पण त्यातले बरेच सिनेमे सेकंदाला २४ पेक्षा कमी फ्रेम्सनी शूट झालेले, नंतर ते २४ ने दाखवले की सगळे धावायला लागतात, यात नटाचा काय दोष? बोलपट आले तेव्हा सुरुवातीला माइक एका जागी लपवलेला असायचा, नटाने त्याच्या आसपास राहून स्वच्छ, मोठ्याने बोलायचं, नाहीतर आवाजच यायचा नाही. तेव्हा "केवढे ठासून बोलतात" ही तक्रार निम्मी माइकवर जाते. हाही परत तपासता येणारा भाग, आवडीचा नाही.

उरलेला निम्मा मात्र शैलीचा. आणि त्यासाठी आपल्याकडे शब्द किती आधीपासून तयार आहेत बघा, नाट्यशास्त्रातले लोकधर्मी आणि नाट्यधर्मी. लोक जसे वागतात तसं दाखवायचं ते लोकधर्मी, आणि रंगमंचाच्या संकेतांनी, ठरवून, घडवून दाखवायचं ते नाट्यधर्मी. भरताने एकाला खरा आणि दुसऱ्याला खोटा म्हटलेलं नाही, दोन्ही अभिनयच. मैत्रीण काय करत होती, तर नाट्यधर्मी अभिनयाला लोकधर्मीच्या पेपरात नापास करत होती. मी पण हेच उलटं करतो, ब्रँडोला "नीट बोल की बाबा" म्हणतो.

त्याच ग्रंथात रस समजावताना उदाहरण काय दिलंय, तर स्वयंपाकाचं. निरनिराळे मसाले, पाला, पदार्थ एकत्र आले की जशी जेवणाची चव तयार होते तसे निरनिराळे भाव एकत्र येऊन नाटकाचा रस तयार होतो, आणि जेवणारा जसा चवीचवीने जेवतो तसा प्रेक्षक तो चाखतो. सॉस आणि अभिनय हे दोन विषय एका लेखात कोंबल्याबद्दल मला थोडी लाज वाटत होती, ती इथे गेली. कालिदासाने तर 'मालविकाग्निमित्रा'त म्हणूनच ठेवलंय की नाट्य हे वेगवेगळ्या रुचीच्या लोकांचं एकत्र समाधान करणारी एकमेव गोष्ट आहे. आमच्या सोफ्यावर बसला असता तर शब्द मागे घेतले असते.

मग हे वाद कधी कधी खरंच का चिघळतात? कारण पिशवीत आणखी एक भांडण असतं, तू कोण आहेस हे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बूर्द्यू याने १९७९ च्या पुस्तकात हेच मांडलं की कोणाला काय आवडतं यावरून त्याचा वर्ग, शिक्षण, घर असं सगळं दिसतं, आणि आपण आवडीतून स्वतःला दुसऱ्यांपासून वेगळंही दाखवत असतो. "असलं बघतेस तू?" यात सिनेमाबद्दल एक अक्षर नाहीये, सगळं तिच्याबद्दल आहे. त्यात भर म्हणजे आपल्याला वाटतं बहुतेक लोक आपल्यासारखेच असतात. ली रॉस या मानसशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये विद्यार्थ्यांना विचारलं की अंगावर जाहिरातीचा बोर्ड अडकवून कॅम्पसमध्ये फिराल का, तर हो म्हणणाऱ्यांना वाटलं बहुतेक जण हो म्हणतील आणि नाही म्हणणाऱ्यांना वाटलं बहुतेक नाहीच म्हणतील. मग समोरच्याला वेगळं आवडलं की तो विचित्र, नाहीतर मुद्दाम करतोय. आमचं अजून टिकलंय त्याचं कारण एवढंच की आम्ही "बकवास" म्हटल्यावर पुढे "कुठे ते दाखव" म्हणतो. दाखवता आलं नाही तर पुढचा चहा त्याने करायचा.

गेल्या आठवड्यात तिने साखरेचा सोक्षमोक्ष लावायचा ठरवलं. तीन वाट्या, एक साधी, एक साखरेची, एक सोड्याची, आणि मला डोळे मिटायला लावले. सोड्याची वाटी दोघांनीही एका घासात बाजूला सारली, आंबटपणा गेलाच पण टोमॅटो पण गेला, साबणासारखं काहीतरी उरलं. बहुतेक चिमूट मोठी झाली. बाकीच्या दोन मी अचूक ओळखल्या आणि साधीच मागितली, तिने साखरेची. तासभर खपून आम्ही जिथे होतो तिथेच.

मग तिनेच 'स्ट्रीटकार' परत लावला आणि म्हणाली, आवाज बंद करून बघू. वीसेक मिनिटं बघितला तसाच. मध्येच म्हणाली, "थांब, मागे घे. हात बघ तिचे, समोर कोणी आलं की वर जातात." मी म्हटलं, म्हणजे पटलं? "पटलं नाही. आवडली पण नाही. पण दिसलं." मग आवाज चालू केला, आणि ब्रँडो काहीतरी पुटपुटला जे मला याही वेळी कळलं नाही.